थोट्या आईची मथुमावशी

मथुमावशी गेल्याचा निरोप शाळेत आला, तेव्हा मी मुलांना फळ्यावर गणित सोडवून दाखवत होतो. तिचा धाकटा दीर आमच्या गावाहून, उमेळ्याहून, सायकल मारत आला होता. वर्गाच्या दारात त्याने चपला काढल्या, आणि तेव्हाच मला कळलं... त्याला आता दीड महिना झाला.

मावशी म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. ऐन तरुणपणी विधवा झालेली, मोगरा आणि केळी लावून एकुलत्या मुलाला वाढवणारी. तिच्या वाडीच्या कडेला तळं आणि तळ्याकाठी देवीचं बुटकं दगडी देऊळ. पुजारी सणावारी यायचा. रोजची झाडलोट, दिवा, फुलं मावशीकडे. देवीला डावा हात नव्हता. गाव तिला थोटी आई म्हणायचं, आणि त्या हाताची गोष्ट ऐकावी तर मावशीच्या तोंडून. फिरंगी येतायत असं कळल्यावर जुन्या माणसांनी देवी तळ्याच्या गाळात लपवली. जागा ठाऊक असलेली माणसं मरून गेली. कितीतरी पिढ्यांनी वाडीतल्या एका बाईच्या स्वप्नात देवी आली, म्हणाली, मला गारठा लागतो, वर काढ. माणसं कुदळी घेऊन उतरली आणि पहिलाच घाव तिच्या हातावर बसला. "आपल्याच मानसानं तोडला तिचा हात," मावशी सांगायची, "तरी ती वर आली. रागावून परत गेली नाय. म्हनून ती आपली."

आणीबाणी उठल्यानंतरच्या वर्षी गावात जीर्णोद्धाराची टूम निघाली. अक्षर चांगलं म्हणून समितीचा कार्यवाह मी. सिमेंटचं देऊळ, खाली फरशी, इथवर कोणाची हरकत नव्हती. मग कोणीतरी काढलं, की भंगलेली मूर्ती पूजेत ठेवू नये. संगमरवराची नवी आणायची आणि जुनी खाडीत सोडायची. मी म्हटलं, "जुनी कोनाड्यात राहू दे की." अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "गुरुजी, उद्या गावात काही वाईट घडलं, तर तुम्ही निस्तराल?" ठराव माझ्याच अक्षरात लिहिला गेला.

दुसऱ्या दिवशी मावशी घरी आली. बसलीच नाही. "वश्या, तू शिकलेला. सांग ना त्यांना. भंगलेलीच तं वर आली ती. तवा कोनी नाय टाकली."

"सांगितलं, मावशी."

"मग?"

मी तिच्यापुढे पाट सरकवला.

विसर्जनाला ढोल होते, गुलाल होता. मूर्ती गोणपाटात बांधून होडीत ठेवलेली. मावशी गर्दीतून वाट काढत पुढे आली आणि आपलं एक जुनं, धुतलेलं लुगडं तिने पुढे केलं. "यात गुंडाळा. तिला गारठा लागतो." होडीतली माणसं माझ्याकडे बघू लागली. मी 'घ्या' म्हणून मान हलवली. तेवढंच मला जमलं...

पुढे मावशी नव्या देवळातही केर काढत राहिली, पण गोष्ट तिने पुन्हा कोणाला सांगितली नाही. पोरं मागे लागली, तर म्हणायची, "पुजाऱ्याला इचारा." शेवटच्या आजारात भेटायला गेलो, तेव्हा दम्याने तिला धड बोलवत नव्हतं. हात धरून म्हणाली, "मला काय तिचं स्वप्न पडलं नाय रे... इतकी वरसं वाट बघितली. तुला पडलं, तं लगेच काढा तिला." मी हो म्हटलं. आणखी काय म्हणणार होतो?

तेराव्यानंतर सकाळी तिच्या घरी गेलो, तर ओटीवर सून मोगऱ्याच्या दोन वेण्या करून बसली होती. एक देवळातली. दुसरी मावशी रोज भरतीची वेळ बघून स्वतः खाडीवर नेऊन सोडायची, हे मला इतक्या वर्षांत ठाऊकच नव्हतं. "सवयीने केली, भावजी," सून म्हणाली. "आता हिचं काय करू?"

मी ती घेऊन खाडीवर गेलो. ओहोटी होती. लांबवर नुसता काळा चिखल, त्यात बगळे. तरी वेणी टाकली. ती चार हातांवर चिखलात पडली आणि तिथेच राहिली. पाणी कधी येईल, याचा मला अंदाज नव्हता. मी काठावर बसून राहिलो... वर्ग भरायची वेळ टळून गेली, तरी पाणी आलं नव्हतं.