कडी बाहेरून

दारूच्या भरात एकाचं डोकं फोडून तो आत गेला, तेव्हा त्याला साधा खिळा सरळ ठोकता येत नव्हता. तुरुंगातल्या शाळेत मास्तरांनी आधी सही गिरवून घेतली, मग हातात रंधा दिला. हात असा काही बसला की मास्तर म्हणायचे, "लेका, आधी कुठं उलथला होतास?" सगळे त्याला सुतारच म्हणू लागले. सुटताना त्याला वाटलं, आता आपलं भलं होणार. वाटणारच हो, शिकवणाऱ्यांनाही तसंच वाटत होतं!

बाहेर कोण विचारतंय? "कुठं शिकलात?" याचं खरं उत्तर दिलं की दुकानदाराला नेमकं दुसरं काम आठवायचं. सुतार ताईकडे राहत होता. "काम मिळालं तर राहा, नाहीतर आपली वाट धर," असं भाऊजींनी तोंडावर सांगितलेलं. शेवटी त्यानं एका दुकानात चक्क थाप मारली, "मामाकडे शिकलो." मालकानं लगेच ठेवून घेतलं.

मग एका बाईंच्या न्हाणीघराला दार बसवायचं काम आलं. सुतारानं जीव ओतला. मालक बघायला आला आणि खूशच झाला. बाई कौतुकानं आत शिरल्या, दार लावायला गेल्या, तर आतून कडीच नाही. कडी बाहेर! चांगली जाडजूड, कुलूप घालायच्या सोयीसकट.

"अहो, मला आंघोळीला कोंडताय की काय?" बाईंची हसून मुरकुंडी वळली. मालकही हसला. कितीतरी दिवसांनी सुतारालाही खदखदून हसू आलं आणि त्या भरात तो बोलून गेला, "सवय हो! आमच्याकडे दारांना आतून कडी नसतेच."

"आमच्याकडे म्हणजे कुठं?" मालकानं विचारलं.

सुतार कडीचे स्क्रू काढू लागला. मेल्याला तेव्हा दुसरी थाप सुचली असती तर! बाई हळूच सटकल्या आणि आतल्या खोलीचं कपाट बंद करून आल्या.

"कडी आतून लावून देतो, आत्ता होईल," तो म्हणाला.

"राहू दे," मालक म्हणाला. "पिशवी उघडून दाखव आणि नीघ."

पिशवीत त्याची हत्यारं होती, दुसरं काय असणार?

ताईनं दार उघडलं. तोंड बघूनच तिला काय ते कळलं. मागे भाऊजी उभे होते. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"जेवून जा," ती म्हणाली.