चुकीला एक थप्पड

मुलुंडच्या नंदकुमार कर्णिकने घरात मारण्यालाही नियम लावला होता. विमा कचेरीत साहेबापुढे ज्याच्या तोंडून शब्द फुटत नसे, तो हा गृहस्थ घरात शिरला की कमरेचा पट्टा सोडायचा. मुलगा मिहिर बारावीला, इंजिनीअरिंगच्या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेला बसणारा. त्या परीक्षेत बरोबर उत्तराला चार गुण मिळतात, चुकलं तर एक कापला जातो आणि प्रश्न सोडून दिला तर काहीच होत नाही. नंदकुमारला ही पद्धत इतकी आवडली की त्याने ती घरी आणली. सराव परीक्षेत जितकी उत्तरं चुकतील तितक्या थपडा, आणि सोडलेल्या प्रश्नाला माफी.

दोन वर्षं दर रविवारी हा सोहळा चाले. एकदा मिहिरच्या कानातून रक्त आलं. त्याची आई रेवती खिडक्या लावून घेई आणि शेजारचे सुबोधकाका टीव्हीचा आवाज वाढवत. सगळी सुशिक्षित माणसं, कोण कोणाच्या घरात बोलणार! पुढे चुका कमी होत गेल्या, तशी नंदकुमारची छाती फुगली. एकूण गुणांकडे या शहाण्याने कधी पाहिलंच नाही. चुका मोजायच्या आणि हात साफ करायचा.

जानेवारीत परीक्षा झाली. काही दिवसांनी ज्याने त्याने दिलेली उत्तरं आणि बरोबर उत्तरं वेबसाइटवर लागली. मिहिरने बेरीज केली आणि पुटपुटला, "तीनशेत चौऱ्याऐंशी."

पट्ट्याचा पहिला तडाखा मानेवर बसला. दुसऱ्याला तो खुर्चीसकट आडवा झाला. रेवती मध्ये धावली, तर बकल तिच्या मनगटावर आपटलं.

"अहो, मरेल तो!" ती किंचाळली.

नंदकुमारने तिला भिंतीवर ढकललं आणि पोराला केसांना धरून उठवलं. मिहिरचा ओठ फाटला होता.

"चुका किती? बोल!"

"एकही नाही."

"खोटं बोलतोस?" नंदकुमारने लॅपटॉप ओढून एकेक प्रश्न स्वतः तपासला. खरंच, दिलेलं एकही उत्तर चुकलं नव्हतं. बाकीचा पेपर कोरा होता.

"एवढे प्रश्न सोडलेस? येत नव्हते?"

"बरेच येत होते, पप्पा. पण पक्की खात्री नव्हती." मिहिरने ओठावरचं रक्त पुसलं. "सोडलं की मार नसतो ना."

नंदकुमारने पट्टा खाली टाकला. पोराची आपणच वाट लावली, हे त्याला आत्ता कुठे कळलं. एप्रिलमध्ये अजून एक संधी होती. दोन्हींतले जे गुण जास्त, तेच धरतात.

"एप्रिलला येईल ते सगळं लिही," तो कसाबसा म्हणाला. "चुकलं तर चुकू दे. मी हात नाही लावणार, शप्पथ." पोराच्या डोक्यावरून फिरवायला त्याने हात उचलला.

मिहिरने तिरका झालेला चष्मा चटकन काढून टेबलावर ठेवला, डोळे मिटले आणि गाल पुढे केला.