आम्ही की आपण

बैठकीत कोणी "चला, ठरलं तर मग" असं म्हणालं की चीफ चष्मा कपाळावर सरकवायचे आणि विचारायचे, "ठरलं. पण उद्या हे चुकीचं निघालं तर अडवणार कोण?" उठू लागलेली माणसं पुन्हा बसायची. तुमच्याही ओळखीत असा कोणी असेल. त्याच्यामुळे बैठक लांबते आणि घरी जाताना सगळे त्याला नावं ठेवतात. मी कार्यक्रमपत्रिका करताना चीफच्या नावाची वीस मिनिटं वेगळीच धरायची.

ते सिंगापूरच्या पासिर रिस भागात आमच्याच ब्लॉकमध्ये एकटे राहत. जहाजावर चीफ इंजिनीअर होते, म्हणून सगळ्यांचेच चीफ. मी आमच्या छोट्या वाचक मंडळाची चिटणीस. माझ्या फ्लॅटमधल्या दोन कपाटांतली मराठी पुस्तकं दर रविवारी सकाळी ट्रॉलीवरून खाली व्हॉइड डेकवर, म्हणजे इमारतीखालच्या मोकळ्या जागेत न्यायची, द्यायची-घ्यायची, उरलेली परत आणायची. एवढंच मंडळ. त्याला लेखी नियम हवेत असं निघालं तेव्हा चीफ म्हणाले, "मी लिहितो."

फार वर्षांपूर्वी त्यांचं जहाज इंजिनाच्या दुरुस्तीसाठी अमेरिकेतल्या एका बंदरात दोन महिने अडकलं होतं. खलाशांच्या केंद्रात एका बाईंनी वाचायला जे होतं ते वाटलं. इतरांनी मासिकं घेतली, यांच्या हाती अमेरिकेच्या राज्यघटनेची खिशात मावणारी पुस्तिका आली. ती त्यांनी यंत्राचं मॅन्युअल वाचावं तशी वाचली, पेन्सिलीने खुणा करत.

"मूळ कागद बघाल तर चार मोठी पानं, आणि त्यात अख्खं सरकार," ते सांगायचे. "कायदा करणारे वेगळे, राबवणारा वेगळा, आणि तंटा सोडवणारे वेगळे. बॉयलरला दोन सेफ्टी व्हॉल्व का लावतात? माणसं वाईट असतात म्हणून नाही. वाफ ही वाफच असते, चिटणीसबाई."

तसेच नियम त्यांनी आम्हाला करून दिले. कारभार अध्यक्षांचा, नियम बदलण्याचा हक्क सभेचा, तोही हजर मतदारांपैकी दोन तृतीयांश हात वर झाले तरच. वाद निघाला तर निवाडा पंचाचा. पंचाला अध्यक्ष काढू शकत नाहीत, आणि पंचाला सभेत मत नाही. सगळे हसले. "चीफ, दोन कपाटांना सुप्रीम कोर्ट?" तरी सह्या झाल्या आणि पंच म्हणून त्यांनाच निवडलं.

त्याच सुमारास शिपयार्डातले सहा जण येऊ लागले. त्यांच्यात पुढे असायचा सुनील, देवगडचा वेल्डर. डॉर्मिटरीत खाटेवर बसून तो बाकीच्यांना वाचून दाखवायचा. पुस्तक परत देताना मला सांगायचा, "ताई, शेवटी सगळे गप्पच बसले बघा." मी त्यांची कार्डं करून दिली.

ब्लॉकमधल्या कोणीतरी तक्रार केली की खाली कामगार येऊन बसतात. आमचे अध्यक्ष एका कंपनीत मॅनेजर, कामाचा माणूस. जागा हातची जाईल या धास्तीने त्यांनी एका बुधवारी त्या सहा जणांना मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढलं आणि कार्डं रद्द केली. रविवारी सुनील आला तो सुवाच्य अक्षरातला अर्ज घेऊन. पंचाकडे दाद मागतो, असं त्यात लिहिलं होतं.

"आमचं काय चुकलं तेवढं सांगा," तो म्हणाला. "ते पाच जण वाट बघतायत. जाऊन काय सांगू?"

अध्यक्षांनी नियमांचं पहिलं वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं. 'आम्ही मराठी वाचणारे हे मंडळ उभारत आहोत.' मग म्हणाले, "आम्ही म्हणजे कोण? सह्या करणारे. हे सहा जण तेव्हा नव्हते. बाहेरच्यांना घ्यायचं की नाही, ते आम्ही ठरवणार."

चीफनी वहीत लिहिलेला शब्द 'आम्ही' नव्हताच. त्यांनी 'आपण' लिहिलं होतं. टाइप करताना तो मी बदलला होता. 'आपण' जरा घरगुती वाटलं. शाळेच्या पुस्तकात पहिल्या पानावर 'आम्ही' असायचं, ते भारदस्त वाटलं. कोणाला विचारलं नाही, आणि सह्या करताना कोणाच्या लक्षात आलं नाही.

सभा पुढच्या रविवारी होती. शनिवारी दुपारी मी चीफकडे जाऊन सगळं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी ती जुनी पुस्तिका काढली आणि पहिल्याच शब्दाभोवतीचं पेन्सिलीचं वर्तुळ दाखवलं.

"इंग्रजीत 'वी' एकच. ऐकणारा आत आहे की बाहेर, पत्ता लागत नाही. त्यांनी 'आम्ही लोक' असं भलंमोठं लिहिलं, आणि आतमध्ये गुलाम माणसं मोजताना पाचांची तीन धरली. बायकांना मत नाही. मग एकेकाला आत यायला किती वर्षं लागली! मराठीत लपायला जागा नाही. म्हणून मी 'आपण' लिहिलं होतं."

"मग उद्या तेच सांगा ना. मूळ वही दाखवा. मी चूक कबूल करते."

"वही माझी आहे. सभेनं सही कशावर केली?"

ते काय निकाल देणार हे मला तिथेच कळलं. घरी येऊन मुलीला सांगितलं, तर ती इथल्या धाटणीच्या इंग्रजीत म्हणाली, "काका सो स्टबर्न, लाह!"

सभेला एकोणतीस मतदार होते. सुनील आणि त्याचे सोबती खांबापाशी उभे. मी उभी राहून शब्द बदलल्याचं सांगितलं. मग चीफनी निकाल वाचला. "मंजूर झालेला शब्द 'आम्ही' आहे. मी मनात काय धरलं होतं त्याला किंमत नाही. अध्यक्षांना हा अधिकार आहे. शब्द चुकीचा वाटत असेल तर सभेनं तो बदलावा."

लगेच 'आम्ही'च्या जागी 'आपण' करण्याची दुरुस्ती मांडली गेली. वीस हात हवे होते. मी दोनदा मोजले. एकोणीस.

"चीफ, हात वर करा!" मागून कोणीतरी ओरडलं.

"पंचाला मत नाही."

"मग आत्ता राजीनामा द्या आणि करा वर!"

"आज मी हे केलं तर उद्या दुसरा कोणी त्याच्या सोयीनं करेल." त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. सुनील त्यांच्याकडे बघत होता, आणि ते सुनीलकडे बघू शकत नव्हते. दुरुस्ती पडली. तीच दुरुस्ती सहा महिने पुन्हा आणता येत नव्हती, हाही त्यांचाच नियम. त्या दिवशी मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पंचपद सोडलं. पुढच्या रविवारी आपल्या कार्डावर दोन पुस्तकं घेतली आणि समोरच्या बाकावर बसलेल्या सुनीलच्या हातात ठेवली.

अध्यक्ष तावातावाने आले. "चीफ, ही पळवाट आहे!"

"सभासदानं नेलेलं पुस्तक कोणी वाचायचं, हे नियमात कुठे आहे? चिटणीसबाई, बघा बरं."

मी पाहिलं. कुठेच नव्हतं.

"नवा नियम आणा," चीफ म्हणाले. "दोन तृतीयांश लागतात."

तेवढे हात अध्यक्षांकडेही नव्हते. पुढच्या रविवारी मी माझ्या कार्डावर दोन जास्तीची घेतली. मग आणखी काहींनी. परत देताना सुनील पुस्तकाबद्दल सांगायचा, आणि हळूहळू बाकाभोवती माणसं थांबू लागली.

सहा महिने भरायला तीन आठवडे असताना चीफ हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी पुण्याला गेले. मत द्यायला परत येतो म्हणाले होते. त्यांच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी सभेची यादी करत होते. त्यांच्या नावावर रेघ मारायला मला दोन दिवस लागले.

दुसऱ्या सभेत त्याच दुरुस्तीसाठी तेहेतिसांपैकी सव्वीस हात वर झाले. अध्यक्षांचा हात खालीच होता, पण निकाल त्यांनीच जाहीर केला, स्वच्छ आवाजात. सहाही कार्डं मी तिथल्या तिथे पुन्हा केली.

शेवटचा विषय होता पंचाची रिकामी जागा. कोणीतरी सुनीलचं नाव सुचवलं. तो गोंधळून माझ्याकडे वळला.

"ताई, पंच झालो की मत नाही ना देता येणार?"

"नाही."

हातातलं नवं कार्ड त्याने शर्टाच्या खिशात ठेवलं. मग म्हणाला, "लिहा माझं नाव."