ठिगळ तिचं, नाव माझं

पन्नाशीत मी भयंकर शहाणी होते. आता नातवंडं झाली, गुडघे गेले, आणि तेव्हाची मी आठवली की तिला कान धरून बाकावर उभं करावंसं वाटतं.

पेणला घरी बसून मी लहान वाचनालयांसाठी एक प्रोग्राम सांभाळायचे. फुकट, सगळ्यांना खुला. कुणाला त्यात चूक सापडली की त्याने ती दुरुस्त करून मला पाठवायची. त्याला पॅच म्हणतात, म्हणजे ठिगळच. मी तपासायचं, पसंत पडलं तर लावायचं. लावलं की ते कुणी केलं हे प्रोग्रामच्या इतिहासात नावानिशी राहतं, कायमचं. मिळकत म्हणाल तर तेवढीच.

एवढ्याशा अधिकारानं मला चढली होती. पॅच कसा पाठवावा याची नियमावली मी लिहिली होती; माझ्याशिवाय ती कुणी वाचली असेल असं वाटत नाही. ओळ लांब झाली, परत. सोबतचं टिपण नीट नाही, परत. आमचे हे एकदा जेवताना म्हणाले, "ठिगळं तपासतेस की सून बघतेस?"

"तुम्हाला नाही कळायचं," मी म्हटलं. त्यांना चांगलंच कळलं होतं.

रोह्याजवळच्या वरसे गावची एक मुलगी शाळेच्या वाचनालयात कामाला होती. वीज गेली की परत केलेली पुस्तकं प्रोग्राममध्ये पुन्हा पोरांच्याच नावावर दिसायची, आणि पोरं बोलणी खायची. ही तक्रार सगळीकडून यायची. मी सगळ्यांना उत्तर द्यायचे, इन्व्हर्टर घ्या. हिनं मात्र चूक शोधून काढली आणि पॅच पाठवला. मी तो तीनदा परत केला. चौथ्यांदा तिनं सोबत लिहिलं, "मॅडम, पुण्याच्या एका कंपनीत मुलाखत आहे. दाखवायला माझ्याकडे हे एकच काम आहे. तेवढं लावाल ना?"

लावलं की! पण तिचा पॅच जसाच्या तसा घेईन तर मी कसली? तिच्या ओळी मी माझ्या पद्धतीनं सुबक केल्या आणि सगळं स्वतः टाइप करून घातलं. तसं केलं की इतिहासात टाइप करणाऱ्याचं नाव लागतं. हे मला माहीत होतं. दुसऱ्यांना मीच शिकवायचे. टिपणात तिचे आभारही मानले नाहीत, कारण नियमात आभार बसत नव्हते. नियम माझाच.

मुलाखतीत त्यांनी तिच्यासमोर तो इतिहास उघडला. कामावर नाव माझं. खोटारडी ठरवून तिला परत पाठवलं. तिनं मला काहीच कळवलं नाही. तिचे पॅच तेवढे यायचे थांबले, आणि मी ह्यांना म्हटलं, "हल्लीच्या मुलींना चिकाटी म्हणून नाही."

खरं काय ते गेल्या वर्षी त्या शाळेच्या बाईंकडून कळलं. मी रोह्याची एसटी धरली. ती आता एका कारखान्यात पॅकिंगला आहे. शिफ्ट करून नुकतीच घरी आली होती. तिच्या आईनं दारातून विचारलं, "कोन गो ही?"

"त्याच त्या मॅडम."

आई वळून आत गेली.

"तुझं नाव घालते गो आता," मी म्हटलं.

"माझं ऱ्हाऊ दे. तिथलं तुमचं काढा."

ते काढता येत नाही, मी समजावायला लागले. प्रोग्राम ज्यानं ज्यानं उतरवून घेतलाय, त्या प्रत्येकाकडे तो इतिहास गेलेला असतो, आता बदलायचा म्हटला तर...

"ठाव हाय," ती म्हणाली. "मला पन येतं ते, मॅडम."

चहा तिनं दिला. मी प्यायलेही.

घरी येऊन प्रोग्रामच्या चर्चेच्या पानावर सगळं लिहिलं. तिचं पूर्ण नाव, मी काय केलं, तिचं काय गेलं. खाली भराभर उत्तरं आली. माझा प्रामाणिकपणा, माझं मोठं मन, आणि या वयात हे कबूल करायला केवढं धैर्य लागतं! तिच्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.