खिडकीतले दोन पेले

आमच्या कॉलनीत कुणाच्या घरी माणूस गेलं की भेटायला सगळ्यात आधी अरविंदकाका हजर. काका कादंबरीकार आहेत आणि त्यांना रडणारी माणसं ताजी लागतात. माझे वडील गेले तेव्हा त्यांनी आईला विचारलं होतं, "वहिनी, बातमी कळल्यावर आधी काय गार पडलं, हात की पाय?" मला त्यांना जिन्यावरून ढकलून द्यावंसं वाटलं होतं. अजूनही वाटतं.

साताऱ्यात त्यांची आणि आमची भिंत एकच. "अनुभव बसल्या जागी मिळत नाही, सुमन. त्याच्याकडे चालत जावं लागतं." हे वाक्य ते सांगलीला व्याख्यानात म्हणतात, कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतात आणि मेथीची जुडी निवडताना भाजीवालीलाही ऐकवतात. ते लिहायला बसले की कुसुमकाकूंनी तोंड उघडायची सोय नसे. मान वर न करता तळहात दाखवायचे. "थांब. पात्र बोलतंय." गॅस संपलाय एवढं सांगायलासुद्धा काकू दारात ताटकळत उभ्या.

"त्यांच्या पात्रांना त्वांड हाय बाई, मला कुठलं आलंय," म्हणून काकू हसायच्या. त्या हसण्याचा मला फार राग यायचा.

मग काकांनी भूकंपावरची कादंबरी काढली. अनुभवाकडे चालत जायचं म्हणून एस.टी.नं कोयनानगरला गेले आणि लॉजवर मुक्काम ठोकला. भूकंप काही येईना. अखेर एका दुपारी बारीकसा धक्का बसला, लोक रस्त्यावर आले, आणि आमचे कादंबरीकार मटणावर ताव मारून घोरत पडलेले! घरी आले ते धुसफुसतच. पलंगावर डोळे मिटून आडवे झाले आणि काकूंना म्हणाले, "हलव." गुडघ्यांनी बेजार झालेल्या काकू वाकून पलंग हलवतायत आणि हे पडल्या पडल्या सांगतायत, "असा नाही, जमिनीतून आल्यासारखा." मी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

काकूंचं सगळं लहानपण कोयनानगरच्या वसाहतीत गेलेलं. त्यांचे वडील धरणावर नोकरीला होते. काकांना हे माहीत होतं, घराचा पिनकोड माहीत असतो तसं.

काकूंच्या खिडकीत स्टीलचा एक पेला उपडा आणि त्यावर दुसरा तसाच उपडा ठेवलेला असे. मी एकदा विचारलं.

"आईची सवय गं. जमीन हलली की हे आधी वाजत्यात. आई आमाला ढकलूनच भाईर काढायची. एकदा गडबडीत धाकटा आतच ऱ्हायला. आई परत पळाली, तर त्यो पाळण्यात हसतोय. पण त्या दिसापास्नं आई कवा गाढ झोपली न्हाई."

"काकांना सांगितलंत हे?"

"इचारलं तर सांगीन की. एकदा इचारू देत."

त्या खरोखर वाट बघत होत्या. काका कोयनेहून आल्यावर चहा घेऊन गेल्या आणि स्वतःच म्हणाल्या, "आवं, आमची आई हाय न्हवं, ती..." तळहात वर झाला. काकू कप ठेवून परत आल्या. पुढे कागद ठेवायला जागा हवी म्हणून काका ते पेले उचलून मोरीत नेऊन टाकत आणि काकू घासून पुन्हा खिडकीत ठेवत.

गेल्या वर्षी काकू झोपेतच गेल्या. तेरावं उरकलं आणि काका माझ्याकडे आले.

"कादंबरी अडलीय गं. ती तुझ्याशी बोलत बसायची. कोयनेचं कधी काही म्हणाली होती का?"

अगदी ओठांवर आलं होतं. पण ती गोष्ट काकूंनी नवऱ्यासाठी जपून ठेवली होती आणि त्यांनी ती मागायला हवी होती काकूंकडे. मी म्हटलं, "नाही."

"वाटलंच," काका म्हणाले. "तिच्याजवळ सांगण्यासारखं असं काही नव्हतंच." मग दारात थांबून म्हणाले, "आणि ते दोन पेले तुला हवे असले तर ने. उगाच खिडकी अडवून बसलेत."

मी पायात चप्पल न घालता गेले आणि पेले घेऊन आले. आता ते माझ्या खिडकीत आहेत, एकावर एक, उपडे.