गोड चेहऱ्याच्या बाई

आधी त्या हसायच्या. मान किंचित कलती, डोळे अर्धे मिटलेले, गालावर खळी. आणि त्याच चेहऱ्याने म्हणायच्या, "मर मेले!"

इंदिरानगरातल्या आमच्या अरुंद गल्लीत, अगदी समोरच्या गॅलरीत या बाई बसत. नव्वदचं दशक, त्यांनी ऐंशी ओलांडलेली. पोरवयात त्या मूकपटांत नायिका होत्या. नायकाशी उभं वैर. प्रेमाच्या प्रसंगात त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या आणि थिएटरात बायका डोळ्यांना पदर लावायच्या. "तोंड गोड ठेवायचं. शब्द कुणाला ऐकू येतात?" पुढे बोलपट आले. बाईंचा आवाज घोगरा. बाई घरी बसल्या.

मी तेव्हा चाळिशीतली, भिशी मंडळाची अध्यक्ष, गॉगल लावून लूनावर फिरणारी. सगळी गल्ली आपल्याकडेच बघते असं मला वाटे. बघायची खरी, पण लूना सुरू होत नसे म्हणून. एकदा गॅलरीत शेजारणीच्या कानाशी कुजबुजले, "म्हातारी अजून पावडर थापते बघ."

समोरून घोगरा आवाज आला, "तू थापत नाहीस, म्हणून तर अशी दिसतेस, टवळे!"

कॅमेऱ्याच्या घरघरीत काम करता करता बाई ओठ वाचायला शिकल्या होत्या. तेव्हापासून मी तोंडाला पदर लावून चुगल्या करू लागले. नवऱ्याला वाटलं, बायको शालीन झाली.

तुमच्याही गल्लीत असं एखादं युद्ध चाललेलं असेल. मी माझा पालापाचोळा त्यांच्या दारापुढे लोटायची. त्या माझ्या कुंपणावरची जास्वंद तोडायच्या आणि पकडलं की हसायच्या.

मग दिंडोरीहून त्यांच्या बहिणीचा नातू आला. घर विकून आजीला द्राक्षांच्या मळ्यावर न्यायचं म्हणाला. बाई कडाडल्या, "तिथे द्राक्षांशी भांडू का?"

तो माझ्या फाटकाशी आला. "काकू, खरं सांगा. आजी एकटीच ओठ हलवत बसते म्हणे. डोकं फिरलंय ना? तुम्ही हो म्हणा, आजच नेतो."

समोर बाई कठडा धरून उभ्या राहिल्या. नजर माझ्या ओठांवर. तो चेहरा मी पहिल्यांदाच गोड नसलेला पाहिला.

मी पदर लावला नाही. एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "डोकं तुझ्या-माझ्यापेक्षा शाबूत आहे. जीभ तेवढी नासकी आहे. मळ्यावर नेलीस तर वेलीवरच द्राक्षं आंबतील. राहू दे इथेच. मी आहे बघायला."

बाईंनी मान कलती केली. डोळे अर्धे मिटले. खळी पडली. ओठ दोनदा मिटले, उघडले. आवाज नाही.

"किती मायेनं बघते हो तुमच्याकडं!" तो म्हणाला, आणि एकटाच परत गेला.

बाई शेवटपर्यंत त्याच गॅलरीत होत्या. आता तिथे कुणाकुणाचे टॉवेल वाळतात, आणि माझी जास्वंद कुंपणावरच सुकते.

कधीतरी नातवंडं शाळेत गेली की मी आरशासमोर मान कलती करते, डोळे अर्धे मिटते आणि त्या दिवशीचे ओठ हलवून बघते. 'मर मेले' अगदी बरोबर बसतं.

बरं वाटतं.