सप्टेंबर नको, वारा पडतो

माझ्या वडिलांनी आयुष्यात एकदाच माझं म्हणणं मुकाट्याने मान्य केलं, आणि तेही खोटं निघालं. हे मी रागाने लिहिते आहे. राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा अशी माझी फारशी इच्छाही नाही.

टाळेबंदीचा पहिला हिवाळा आम्ही दोघांनी नेदरलँड्समधल्या झूटरमेरच्या घरात काढला. स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या एका टोकाला नवऱ्याचा लॅपटॉप, दुसऱ्या टोकाला माझा. दिवसाला एकच पाहुणा बोलवायची परवानगी होती, आणि तो एकसुद्धा कोणी येत नव्हता. दुपारचा चहा होईस्तोवर बाहेर अंधार. एक दिवस मी असह्य होऊन कराडला फोन लावला आणि बाबांना म्हटलं, "हे सगळं संपलं ना, की तुम्हाला इकडे बोलावते आणि कॅरिबियनमधल्या बेटावर नेते. क्युरासावला. इथून थेट विमान आहे."

बाबा निवृत्त मास्तर. जन्मभर भूगोल शिकवला, पण समुद्र पाहिला तो एकदा रत्नागिरीला आणि बाकी नकाशात. दुसरा कोणी बाप असता तर "कशाला गं एवढा खर्च" म्हणाला असता. हे म्हणाले, "नेशील, पण कधी? गर्दीत गेलं तर माणसंच बघायची. त्यासाठी कराडचा एसटी स्टँड काय वाईट आहे?"

झालं! तिथून आमचा उद्योग सुरू झाला. बेटावरचा सगळ्यात निवांत आठवडा शोधायचा. माझ्या जेवणाच्या सुट्टीत रोज फोन. मी इकडून माहिती काढायची, बाबांनी तिकडून ती खोडायची. डिसेंबर ते एप्रिल बाद, कारण एरवी तेव्हा जहाजंच्या जहाजं भरून पर्यटक उतरतात. मे बाद, जुलै-ऑगस्ट बाद, कारण शाळांना सुट्टी लागली की अख्खा नेदरलँड्स घराला कुलूप लावून निघतो. पावसाचे महिने बाद. राहता राहिले जून आणि सप्टेंबर. मी सप्टेंबरच्या बाजूची, बाबा जूनच्या.

मला वाटलं होतं, ते सप्टेंबरातल्या वादळांची भीती घालतील. पण मास्तरच ते. म्हणाले, "तुझं बेट वादळांच्या वाटेच्या बरंच खाली आहे. प्रश्न तो नाही. सप्टेंबरात तिथला वारा पडतो. अंगाची नुसती काहिली होईल. निवांतपणा हवा, पण वाऱ्यासकट."

"बाबा, जूनमध्ये मला रजा मिळणं अवघड आहे."

"मग रजा बदल. वारा बदलता येत नाही."

असं हे महिनोन् महिने चाललं. खरं सांगायचं तर बेटावर जाण्यापेक्षा मला हेच जास्त आवडत होतं. घर सोडल्यापासून आम्ही एवढं कधी बोललोच नव्हतो. नवरा समोर बसून सगळं ऐकायचा आणि हसायचा. म्हणायचा, "तुम्ही दोघं त्या बेटाचं पंचांग काढा आता."

मग एप्रिलमध्ये ठिणगी पडली. माझा घसा खवखवत होता, ऑफिसात कटकट झाली होती, आणि बाबांनी पुन्हा तेच वाऱ्याचं काढलं. मी भडकले. "दहावीनंतर मी काय शिकायचं ते तुम्ही ठरवलंत. नोकरी कुठली घ्यायची ते तुम्ही ठरवलंत. एक आठवडा तरी मला ठरवू द्या! कधी ऐकलंय का माझं?" आणि फोन ठेवून दिला. ठेवला म्हणजे आपटलाच.

दुसऱ्या दिवशी माझी चाचणी पॉझिटिव्ह आली आणि मी वरच्या माळ्यावरच्या खोलीत बंद झाले. नवरा जिन्यात ताट ठेवून खाली पळायचा. हाउसआर्ट्सना, म्हणजे आमच्या डॉक्टरांना फोन केला तर त्यांनी त्यांचं नेहमीचं अमृत सांगितलं, पॅरासिटामॉल. मी नवऱ्याला बजावलं, "बाबांना कळवू नकोस हं, उगीच जीव टांगणीला लागेल त्यांचा." हे मी बजावलं होतं, ते लपवणार नाही. परदेशातल्या आणि देशातल्या माणसांनी एकमेकांपासून आजार लपवायचे, ही आमच्याकडची रीतच आहे. फोनही मी केला नाही. खोकल्यावरून त्यांना कळलं असतं, आणि दुसरं म्हणजे, मी रुसले होते.

सहाव्या दिवशी बाबांच्या नंबरवरून मेसेज आला.

"तुझं बरोबर आहे. सप्टेंबरच घे. तोवर उत्तर, मध्य, दक्षिण, तिन्हीकडच्या शाळा सुरू झालेल्या असतात. बेट रिकामं मिळेल."

तापात होते तरी मी ताडकन उठले. जिन्याच्या तोंडाशी जाऊन ओरडले, "अरे ऐकलंस का? बाबांनी मान्य केलं! सप्टेंबर!"

खालून नवऱ्याचा आवाज आला, "अरे वा!"

मी लगेच उत्तर पाठवलं, हसरे चेहरे आणि नारळाची झाडं. त्याला पुन्हा उत्तर आलं नाही, पण मला ते खटकलं नाही. भांडण मिटलं होतं ना.

त्यानंतर सातव्या दिवशी नवरा जिना चढून वर आला आणि माझ्या पलंगाच्या कडेला बसला. म्हणाला, "बाबा गेले. कराडहून तुझ्या दादाचा फोन होता. अचानकच झालं." तेव्हा विमानं बंद होती. सुरू असती तरी काय, अग्नीसुद्धा आमच्यापैकी कोणाला देता आला नाही. मी माळ्यावर बसून भिंतीकडे बघत राहिले. सगळे समजूत घालत होते, पण मला खरा आधार होता तो त्या मेसेजचा. निदान भांडून गेले नाहीत. निदान शेवटी "तुझं बरोबर आहे" म्हणाले. त्या चार ओळींवर मी एक वर्ष काढलं.

पुढच्या वसंतात प्रवास सुरू झाले आणि आई आमच्याकडे आली. नवऱ्याने त्याआधीच आम्हा दोघांची सप्टेंबरची तिकिटं काढून ठेवली होती. म्हणाला, "बाबांची इच्छा होती ना." मी त्याच्या गळ्यात पडून रडले होते. आता आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

आईने टेबलावर बॅग उघडली. मेतकूट निघालं, कुळथाचं पीठ निघालं, आणि साडीच्या घडीत जपून ठेवलेलं भिंतीवरच्या कॅलेंडरचं एक पान. गेल्या वर्षीचा एप्रिल. "त्यांचं अक्षर आहे गं," आई म्हणाली. "तुझ्या त्या बेटाचं रोज काहीतरी लिहायचे. म्हटलं, तुला द्यावं."

प्रत्येक तारखेच्या चौकोनात बाबांचं बारीक अक्षर होतं. "गॅस लावला." "नळाला पाणी नाही." आणि त्याच्याखाली लाल पेनने, "बेट: वारा चांगला." "बेट: वारा उत्तम." बावीस तारखेला लिहिलं होतं, "लेकीला सांगणे: सप्टेंबर नको, वारा पडतो. भांडू नये." त्यापुढचे सगळे चौकोन कोरे.

"पुढे का नाही लिहिलं?" मी विचारलं.

"अगं, त्याच दुपारी नेलं ना त्यांना दवाखान्यात. मग अकरा दिवस तिथेच..." आई बोलता बोलता थांबली. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "तुला माहीत नाही?"

नव्हतं माहीत. मला 'अचानक' माहीत होतं. मग आईने सांगितलं. पहिले आठ दिवस ते नीट बोलत होते. रोज विचारायचे, तिचा फोन आला का? दादा म्हणायचा, येईल. "तुला ताप असल्याचं जावयांनी दादाला कळवलं होतं ना बाळा, म्हणून म्हटलं, बरी झालीस की सांगू. तू तरी तिकडून काय करणार होतीस?"

बोलले असते! दुसरं काय करणार होते? आठ दिवस होते माझ्याकडे. चुकलं माझं म्हटलं असतं, जून तर जून म्हटलं असतं.

मी फोन काढला आणि तो मेसेज उघडला. तारीख होती सव्वीस. बाबा दवाखान्यात, फोन दादाकडे. पण दादाला माझ्या बेटाचं काय ठाऊक? पुन्हा वाचलं. उत्तर, मध्य, दक्षिण. या देशात शाळांच्या सुट्ट्या तीन विभागांत वेगवेगळ्या लागतात, हे मी बाबांना कधी सांगितलंच नव्हतं. कराडात ते कोणाला माहीत असणार? ते माहीत होतं आमच्या फ्रिजवर लावलेल्या तक्त्याला. नवऱ्याच्या टीममध्ये कोण कुठल्या विभागातला, कोणाची रजा कधी, तो तक्ता. त्यानेच बनवलेला.

तो टेबलाच्या त्याच्या टोकाला बसला होता. मी विचारलं, "तू लिहिलंस?"

त्याने लॅपटॉप मिटला. "दादाने विचारलं, काय लिहू, ती वाट बघत असेल. मी चार ओळी पाठवल्या. तुला बरं वाटावं म्हणून."

"आणि मी वरून ओरडले तेव्हा 'अरे वा' म्हणालास."

तो उठून चहाचं आधण ठेवायला लागला.

"तुझाच मेसेज, तुलाच मी ओरडून सांगितला, आणि तू 'अरे वा' म्हणालास!"

आई मध्ये पडली. "जाऊ दे गं. भल्यासाठीच केलं ना सगळ्यांनी? आपलेच दात, आपलेच ओठ."

"म्हणूनच रक्त निघालं, आई." केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि वर माझ्या भल्यासाठी. आजार मीही लपवला होता, कबूल. पण मी कोणाच्या नावाने खोटा होकार दिला नव्हता. त्या होकाराने माझा एक फोन अडवला. तो मेसेज आला नसता तर मी दोन-चार दिवस आणखी रुसले असते, आणि मग न राहवून लावलाच असता.

सप्टेंबरचं माझं तिकीट मी रद्द केलं. आई परत गेली आणि जूनमध्ये मी एकटीच निघाले. नवरा विमानतळापर्यंत सोडायला आला, मी नको म्हटलं नाही, बोललेही नाही.

बेटावर खरंच शुकशुकाट होता. किनाऱ्यावर मी, एक म्हातारं डच जोडपं आणि लांबपर्यंत रिकाम्या खुर्च्या. आणि वारा! पहिल्याच सकाळी डोक्यावरची टोपी उडाली ती पार पाण्यात गेली. ऊन कडक होतं, पण अंगाला लागत नव्हतं. मास्तरांनी सांगितलं होतं तस्संच. मी वाळूत बसून मोठ्याने हसले आणि मग खूप रडले.

बाबांचा नंबर दादाने अजून चालू ठेवला आहे. मी त्या नंबरवर लिहिलं, "बाबा, जूनच बरोबर होता. वारा आहे."

थोड्या वेळाने दोन निळ्या खुणा उमटल्या. मी संध्याकाळपर्यंत तिथेच बसून होते. या वेळी मात्र कोणाला बाबा व्हायची हिंमत झाली नाही.